रीडर तापला होता

१

अहवालावर ठळक अक्षरांत छापलं होतं : पाणी पिण्यास योग्य. आणि तेच पाणी प्यायलेली वसतिगृहातली पोरं हॉस्पिटलात हाताला सलाइन लावून पडली होती. त्यातल्या एका मुलीची शुद्ध हरपली होती.

अहवालाखाली सही नव्हती. हल्ली सही करतो कोण? ज्याच्या लॅपटॉपवरून अहवाल सुटायचा त्याची ओळख मशीनच पटवून घेतं. आधी बोट मागतं, बोट नाहीच आलं तर पासवर्ड मागतं, आणि मग अहवाल त्या माणसाच्या नावावर बाहेर पडतो. हा बाहेर पडला होता तो पाणी तपासणाऱ्या लॅबमधल्या थोरल्या केमिस्टबाईंच्या नावावर.

लॅबचे लॅपटॉप सांभाळणारी बाई ही त्या केमिस्टबाईंची सख्खी भावजय. त्यामुळे लॅबमध्ये तिला सगळे वहिनीच म्हणायचे, शिपायापासून साहेबांपर्यंत. सगळ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं होतं तिनेच आणि बोट ओळखणारे रीडरही तिनेच सुरू करून दिले होते. सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा ती चहाचा कप तसाच ठेवून निघाली.

"मशीनमध्ये काही दोष नाही, एवढंच मला तुमच्याकडून लेखी हवंय," लॅबचे प्रमुख असलेले साहेब म्हणाले. "संध्याकाळी लॅबच्या मंडळाच्या अध्यक्षबाई येतील, त्यांच्यापुढे ठेवतो. तुम्ही घरच्या आहात खऱ्या, पण तुमचं नि बाईंचं किती पटतं ते अख्ख्या लॅबला ठाऊक आहे. तेव्हा कुणी म्हणणार नाही की तुम्ही बाजू घेतली."

हे बोलताना ते हसले. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरं तिकडे तळमळतायत आणि हा माणूस नणंद-भावजयीवर विनोद करतोय. तिने केमिस्टबाईंचा लॅपटॉप पुढ्यात ओढून त्याच्या आतल्या नोंदी काढल्या आणि साहेबांसमोरच वाचल्या. आदल्या दिवशीच्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, लॅपटॉप उघडला गेला होता. मशीनने लिहून ठेवलं होतं : रीडर तापला म्हणून बंद केला, पासवर्डने ओळख पटली, अहवाल पाठवला.

साहेबांनी हात टेबलावर पसरले.

"झालं तर. त्यांचा लॅपटॉप असतो इनक्युबेटरला चिकटून. जंतू वाढवायचं ऊबदार कपाट ते, तापणारच. बोट चालेना, म्हणून बाईंनी पासवर्ड घातला. आता यात शोधायचं काय राहिलं?"

२

वन्सं, म्हणजे तिच्या केमिस्ट नणंदबाई, मागच्या खोलीत बाटल्या धूत होत्या. त्यांना कामावरून काढलं होतं, घरी जायला सांगितलं होतं, तरी त्या बाटल्या धूत होत्या.

"आलीस? लिहून दे त्यांना हवं ते," वन्सं तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "मी तो अहवाल सोडला नाही. कालपासून सांगतेय. इनक्युबेटरमधल्या बशीत जंतूंचे ठिपके नुसते दाटले होते. मी मरेपर्यंत ते पाणी योग्य म्हणणार नाही."

मग ती बशी दाखवा, असं वहिनी म्हणाली. बशी राहिली होती कुठे? संध्याकाळी आवराआवरीत सगळ्या बशा उकळून टाकून दिल्या होत्या. कोणी सांगितलं टाकायला? साहेबांनीच, जागा हवी म्हणून. पण त्या तर दर आठवड्यालाच टाकतात, त्यात वावगं कुणाला दिसणार?

आणि नव्याने नमुना आणावा तर जंतू वाढायला वेळ लागतो. तोपर्यंत पोरांच्या पाण्याची टाकी चालूच. वन्संनी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, माझ्याकडे तुमच्याच लॅबचा कागद आहे, पाणी योग्य असल्याचा, आणि तुम्हाला तर कामावरून काढलंय असं साहेब सांगतात. मी कुणाचं ऐकू? डॉक्टरही कागद बघून पाण्याचा विचार सोडून जेवणाच्या मागे लागले होते. तो अहवाल रद्द करू शकत होते फक्त साहेब, आणि साहेब म्हणत होते, चौकशी होऊ दे.

"म्हणजे उरलेली पोरं अजून तेच पाणी पितायत," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या हातातली बाटली सिंकच्या काठावर आपटली आणि तिच्या तोंडाचा टवका उडाला. "माझी नोकरी जाऊ दे खड्ड्यात. तो कागद मागे घ्या म्हणावं. दुसरं काही मागत नाही मी."

वहिनीने विचारलं, काल दुपारी तुम्ही कुठे होता? इथेच, बाटल्या धूत. कुणी पाहिलं? कुणी नाही. परत जागेवर गेलात तेव्हा काही वेगळं दिसलं?

"टेबल ओलं होतं. लॅपटॉपखाली थारोळं. माझ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या भिजून फुगल्या होत्या. मी त्या चिमणीला झापलं, तीच पाण्याची बाटली घेऊन हिंडते. तर ती रडायला लागली."

"आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये बोट फक्त तुमचं आहे ना, वन्सं? मी तसंच बसवून दिलं होतं."

वन्संनी नळ सोडला. पाण्याचा आवाज खोलीभर झाला.

"माझंच," त्या म्हणाल्या.

लग्न होऊन आल्यापासून वहिनीने या बाईचं तोंड फटकळ पाहिलं होतं, खवट पाहिलं होतं. पण खोटं बोलताना आज पहिल्यांदा पाहिलं.

३

आतल्या खोलीच्या किल्ल्या चौघांकडेच होत्या. साहेब, वन्सं, वन्संच्या हाताखालची धाकटी केमिस्ट जिला सगळे चिमणी म्हणत, आणि गावोगाव फिरून नमुने आणणारा माणूस, ज्याला बाटली म्हणत. हे नाव त्याच्या सासुरवाडीपर्यंत पोचलं होतं आणि तिकडे भलताच अर्थ लागला होता, असं तो स्वतःच सांगायचा.

वहिनीने आधी त्याला गाठलं. तो काल दुपारी गाडीतून खोकी उतरवत होता. मधे वर येऊन गेलात का? गेलो असेन. वन्संच्या टेबलाकडे? मी कशाला जाऊ, त्या चावतात. पासवर्ड माहीत आहे का त्यांचा? यावर बाटली मोकळेपणी हसला. वन्सं पासवर्ड टाकताना एकेक अक्षर मोठ्याने म्हणायच्या, पोरं पाढे म्हणतात त्या चालीवर. लॅबमध्ये कोणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने म्हणून दाखवला असता.

म्हणजे पासवर्डवरून चोर सापडणार नव्हता.

मग तिने चिमणीला बोलावलं. ती आली तीच डोळे सुजवून. काल दुपारी ती खाली चहाला गेली होती, एकटीच. बाईंवर राग आहे का तुझा, असं वहिनीने सरळ विचारलं. राग का नसेल, असं तिनेही सरळ सांगितलं. रोज चार लोकांत बोलतात. पण शिकवतातही त्याच. साहेबांना तर माझं काम काय तेही माहीत नाही.

"टेबलावर पाणी तू सांडलंस?"

"नाही. शपथ घेते."

वहिनीने लॅपटॉप दोघींच्या मधे ठेवला होता. बोलता बोलता पडदा काळा झाला, लॅपटॉपला कुलूप लागलं आणि मशीनने बोट मागितलं. चिमणीने नेहमीच्या सवयीने, बघितलंही नाही, उजव्या हाताचं बोट टेकवलं.

लॅपटॉप उघडला.

चिमणीने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हे कधीपासून?" वहिनीने विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. नमुना हाताळताना हातात मोजे. मोजे घातलेलं बोट रीडर घेत नाही. दर वेळी मोजे काढा, हात धुवा, पुसा, बोट ठेवा, परत नवे मोजे चढवा, तोवर काम अडून बसायचं. म्हणून बाकावर नमुने हाताळणाऱ्या तिघांनी, वन्सं, चिमणी आणि बाटली यांनी, आपसांत सोय केली होती. प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये तिघांचंही बोट. ज्याचे हात मोकळे असतील त्याने दुसऱ्याचा लॅपटॉप उघडून द्यायचा. नियमाविरुद्ध होतं. तो नियम वहिनीनेच केला होता, म्हणून तिला सांगितलं नव्हतं. साहेबांना तर कळूच दिलं नव्हतं, कळलं असतं तर तिघांनाही घरी बसवलं असतं.

"बाईंनी बजावलंय, हे मरेपर्यंत बोलायचं नाही," चिमणी म्हणाली. "आता माझंच नाव येणार ना, वहिनी?"

येणारच होतं. साहेबांच्या कानावर गेलं की वन्संबरोबर हीही बुडणार, आणि टाकी चालूच राहणार.

४

वहिनी लॅपटॉप घेऊन एकटी बसली. ती संतापून स्वतःशीच बोलत होती. नियम केला तो काय गंमत म्हणून? आणि वन्सं, घरात मिठाच्या बरणीचं झाकण तिरकं राहिलं तर बोलतील, त्यांनी परक्याचं बोट आत घ्यावं?

तरी एक गोष्ट तिला टोचत होती. रीडर तापला होता म्हणे. लॅपटॉप तर आत्ता तिच्या हाताला गार लागत होता. तिने आतल्या उष्णतेच्या नोंदी काढल्या. कालच्या दुपारी प्रोसेसर निवांत होता, पंखा वेगाने फिरलासुद्धा नव्हता. तिने तळ उघडला, पंख्याची जाळी पाहिली, रीडर पुसला. दोष नाही. मग लॅपटॉप इनक्युबेटरला खेटून ठेवला, जिथे वन्सं ठेवत तिथेच. तास होऊन गेला, तळ कोमट झाला, पण रीडरने तक्रार केली नाही. चिमणीला बोलावून बोट ठेवायला लावलं, मुकाट उघडला.

साहेबांचं इनक्युबेटरचं कारण तर खोटं पडलं. मग तापला कशाने?

तिने रीडर चालवणाऱ्या लिनक्सच्या भागाचं माहितीपत्रक उघडलं, जे बसवतानाच वाचायला हवं होतं. वाचता वाचता ती ताठ बसली. मग लॅपटॉप गार टेबलावर ठेवला, झाकण उघडलं, मशीनने बोट मागितलं आणि तिने बोट दिलं नाही. थोडं थांबून झाकण मिटलं, उघडलं. पुन्हा बोट मागितलं. पुन्हा दिलं नाही. असं ती करत बसली, वेड लागल्यासारखी. चिमणी दारातून बघत होती.

शेवटी पडद्यावर अक्षरं आली : रीडर तापला आहे, बंद करत आहोत.

वहिनीने तळहात लॅपटॉपवर ठेवला. गारच होता.

"हे तर नेहमी येतं," चिमणी हळूच म्हणाली. "लॅपटॉप उघडा टाकून विसरलं ना की येतं. आम्ही बघतसुद्धा नाही. जातं आपोआप."

"आणि हे पहिल्यांदाच बघणारा माणूस काय करेल?"

चिमणीला कळलं नाही. पण वहिनीला आता टेबलावरचं पाणीही कळलं होतं. ती उठली. अध्यक्षबाईंची गाडी खाली लागली होती.

५

अध्यक्षबाई वयस्क होत्या, कमी बोलत. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आपलं सगळं सांगून वहिनीकडे हात केला. मशीनमध्ये दोष नाही, एवढं वहिनी सांगतील.

"मशीनमध्ये दोष नाही," वहिनी म्हणाली. "रीडर तापलाच नव्हता."

साहेबांनी नोंदीकडे बोट दाखवलं.

तिने अध्यक्षबाईंकडे वळून सांगितलं. रीडरच्या आत उष्णता मोजायला काही नसतंच. तो बोटाची वाट बघत किती वेळ चालू राहिला तेवढंच लिनक्स मोजतं, आणि फार वेळ राहिला की धरून चालतं की आता तापला असेल, आणि त्याला बंद करतं. मग मशीन बोट मागतच नाही, थेट पासवर्ड मागतं. म्हणजे त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की काल दुपारी कुणीतरी या लॅपटॉपपुढे बराच वेळ बसलं आणि त्याने बोट टेकवलंच नाही. न जुळलेल्या बोटाचीही नोंद होते, तशी एकही नाही.

"ज्याचं बोट यात आहे तो बोट ठेवतो आणि मोकळा होतो. त्याच्या हातून रीडर तापायची वेळच येत नाही. हा तापला तो ज्याचं बोट यात नाही त्याच्या हातून. मग वन्सं कशा?"

"मग ही असेल," साहेब चिमणीकडे बघून म्हणाले. "नाहीतर तो बाटली."

वन्संनी वहिनीकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. वहिनीने ते पाहिलं आणि तरी सांगून टाकलं. बाकावरच्या तिघांचीही बोटं या लॅपटॉपमध्ये आहेत. नियम मोडून घातलीत, त्याची शिक्षा काय ती त्यांना द्या. पण तिघांपैकी कुणालाही हा एका झटक्यात उघडता आला असता, आणि नोंदीत बोट जुळल्याचं आलं असतं. मग वन्संना कुणी वाचवलं नसतं, कारण बोट फक्त त्यांचंच आहे असं तुम्ही धरून चालला होतात. वन्संना अडकवायचं तर बोट वापरायचं, पासवर्डच्या नादी कोण लागेल?

"किल्ल्या चौघांकडे आहेत," ती म्हणाली. "तिघांचं बोट आत आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते उभे राहिले. ही घरची माणसं मिळून मला गोवतायत, असं ते अध्यक्षबाईंना म्हणाले. मी प्रमुख आहे, मला बाईंचा पासवर्ड कुठून ठाऊक? त्यावर बाटलीने कुणी न विचारता तो पासवर्ड वन्संच्या चालीवर अख्खा म्हणून दाखवला, आणि म्हणाला, साहेब, तुमची केबिन तर भिंतीपलीकडेच आहे.

कुणी हसलं नाही. वहिनी टेबलाला वळसा घालून साहेबांसमोर गेली.

"एकच सांगा. बाईंच्या टेबलावर पाणी कशाला ओतलंत? मशीन बिघडवायचं होतं?"

"ओतलं कोणी?" साहेब भडकले. "बिघडवायचं असतं तर तसंच सोडलं नसतं? फ्रिजमधल्या गार बाटल्या ठेवल्या त्याच्याखाली. तापलाय म्हणून लिहून येतंय, उद्या पेट घेतला असता तर सगळी लॅब..."

ते थांबले. वाक्य कुठे गेलं ते त्यांना बोलल्यावर कळलं.

"हात लावून बघितलात?" वहिनी म्हणाली. "गार होता तो."

६

साहेब खुर्चीत बसले आणि बोलू लागले. वसतिगृहाच्या मंडळींना कागद त्याच दिवशी हवा होता. त्या टाकीचा अहवाल आजवर कधी खराब आला नव्हता. बाई नेहमीसारख्या अडून बसल्या होत्या, जंतू पुरते वाढू देत, मोजू देत. साहेबांना वाटलं, येणार ते योग्यच येणार, दोन दिवस आधी सोडला तर काय बिघडलं? बशी नंतर बघितली. मग ती टाकून द्यावीच लागली.

"बघितलीत?" वन्सं म्हणाल्या. "बघितलीत, आणि तरी कागद मागे घेतला नाहीत?"

साहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

वन्संनी साहेबांच्या टेबलावरचा त्यांचाच लॅपटॉप फिरवून त्यांच्यापुढे केला. आरडाओरडा नाही, काही नाही. अहवाल रद्द करा, एवढंच म्हणाल्या. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. साहेबांनी बोट ठेवलं. घामाने ओलं होतं, दोनदा घेतलं नाही. वन्संनी स्वतःच्या पदराने ते पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, पण इतक्या जोरात की साहेब कळवळले. तिसऱ्यांदा रीडरने घेतलं.

मग वन्संनी रेक्टरबाईंना फोन लावला आणि लावूनच धरला. टाकीची मुख्य तोटी बंद करा. नाही, नंतर नाही, आत्ता, मी फोनवर आहे. कुणीतरी जिना चढत असल्याचा आवाज आला, लोखंडी चाक किरकिरलं. झालं बंद, असं तिकडून आल्यावर त्यांनी दुसरा फोन हॉस्पिटलात केला आणि डॉक्टरांना बशीत काय वाढलं होतं ते सांगितलं. त्या मुलीचं विचारलं. अजून डोळे उघडले नव्हते. पण निदान आता औषध कशावर द्यायचं ते ठाऊक झालं, असं डॉक्टर म्हणाले.

निघताना जिन्यात वहिनीने वन्संना गाठलं. तिला वाटत होतं, दोन शब्द तरी गोड येतील. आज पहिल्यांदाच.

"बोटांचं माझ्यापासून लपवलंत," ती म्हणाली, कारण राग अजून उतरला नव्हता. "मला आधी सांगितलं असतंत तर दुपारीच सुटलं असतं."

"लपवलं. चुकलं माझं," वन्सं म्हणाल्या आणि दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "पण ते लपवलं ते सोड. जे लपवलं नाही त्याचं काय? पाणी खराब आहे, हे मी कालपासून ओरडतेय. साहेबांना सांगितलं, रेक्टरबाईंना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. इतकी वर्षं पाणी तपासते मी. कुणी ऐकलं? मशीन काय म्हणतं ते आधी बघू, म्हणाले. संध्याकाळी तू त्याच मशीनची साक्ष काढलीस, तेव्हा कुठे तोटी बंद झाली."

"वन्सं, मी तुमच्याच बाजूने..."

"सकाळी आलीस तेव्हा आधी लॅपटॉप उघडलास की आधी माझ्याकडे आलीस?"

वन्संनी पर्स खांद्यावर सारखी केली आणि हॉस्पिटलच्या दिशेने चालू लागल्या.